व्हेल मासा नाही, हे पटायला लागलेली दोन हजार वर्षं

व्हेल, डॉल्फिन, सील, समुद्रगाय यांची मुलांना ओळख करून देताना एक वाक्य आपल्या तोंडून सहज निघून जातं : 'दिसतो माशासारखा, पण तो सस्तन प्राणी आहे.' मुलं मान डोलावतात, पण त्यांना ते पटलेलं नसतं. त्यात त्यांचं काही चुकत नाही. मोठ्यांनाही हे पटायला फार वेळ लागला, आणि तो इतिहास मुलांना सांगावा असाच आहे.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने डॉल्फिनबद्दल लिहून ठेवलं, की त्याला फुप्फुसं असतात, तो अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो आणि त्यांना दूध पाजतो. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलेला डॉल्फिन गुदमरून मरतो, हेही त्याने नोंदवलं. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? तरीही पुढे शतकानुशतकं 'पाण्यात राहतो तो मासा' हाच हिशेब चालत राहिला. 1671 मध्ये जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा नातलग चिरून पाहिला. त्याची आतली रचना चार पायांच्या प्राण्यांशी जुळत होती. तरी लिनियस या स्वीडिश निसर्गतज्ज्ञाने 1735 मध्ये आपल्या ग्रंथात प्राण्यांचं वर्गीकरण मांडलं, तेव्हा व्हेलला माशांतच ठेवलं. त्याच ग्रंथाच्या 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने हृदय, फुप्फुसं आणि दूध यांच्या आधारे व्हेलला सस्तन प्राण्यांत आणलं.

शास्त्रज्ञांचं ठरलं, लोकांचं नाही. 1818 मध्ये न्यूयॉर्कमध्ये यावरून चक्क खटला उभा राहिला. माशाच्या तेलाची सरकारी तपासणी करून शुल्क भरायचं, असा तिथे कायदा होता. सॅम्युअल जड या व्यापाऱ्याने व्हेलच्या तेलावर शुल्क द्यायला नकार दिला. त्याचं म्हणणं, व्हेल मासाच नाही. सॅम्युअल मिचिल या नामवंत निसर्गतज्ज्ञाने त्याच्या बाजूने साक्ष दिली. ज्यूरीने मात्र व्हेलला मासा ठरवलं! मुलांना हा किस्सा जरूर सांगावा. त्यांना वाटतं तेच एका न्यायालयात जाणत्या माणसांनाही वाटलं होतं.

व्हेल पाण्यात आला कुठून, याचं उत्तर तर अगदी अलीकडचं आहे. 1981 मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या पाकिसेटसचं वर्णन प्रसिद्ध झालं. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी चार पायांवर चालायचा, पण त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण व्हेलसारखी होती. ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागातून गोळा केलेल्या खडकांत इंडोह्यूसची हाडं होती. तीच खूण त्याच्याही कानात असल्याचं 2007 मध्ये जाहीर झालं. हा साधारण मांजराएवढा, खुरांचा प्राणी. त्याची हाडं जाड आणि जड होती, पाणघोड्याच्या हाडांसारखी. म्हणजे तो पाण्यात वावरत असावा. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत व्हेलचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडाच आहे.

मुलांना हे डोळ्यांनी दाखवता येतं. मासा शेपूट डावीउजवीकडे हलवतो, व्हेल आणि डॉल्फिन खालीवर. धावणाऱ्या चार पायांच्या सस्तन प्राण्याचा कणा जसा वाकतो, तसाच त्यांचा वाकतो. सांगाड्याच्या चित्रात डॉल्फिनचा पर नीट पाहायला लावावा : आत दंडाचं एक हाड, पुढे हाताची दोन आणि मग बोटं. दुधाचीही गंमत आहे. पिल्लाला चोखायला आपल्यासारखे मऊ ओठ नसतात आणि आईची स्तनाग्रं पोटाखालच्या फटींत लपलेली असतात, म्हणून आई दाट, स्निग्ध दूध पिल्लाच्या तोंडात सोडते.

सीलपाशी आलं, की शेपटीची ही खूण फसते. खरे सील, म्हणजे बाहेर कान न दिसणारे सील, मागचे पर डावीउजवीकडे हलवत पोहतात, कारण त्यांची वाट वेगळी. ते अस्वलांच्या नात्यातले, मांसाहारी प्राण्यांच्या गटातून समुद्रात उतरलेले, आणि पिल्लांना जन्म द्यायला अजूनही जमिनीवर किंवा बर्फावर येणारे. समुद्रगायीचं नातं हत्तीशी. म्हणून 'पाण्यातले सस्तन' हे एकच घराणं असल्यासारखं शिकवणं मला खटकतं. जमिनीवरचे निरनिराळे प्राणी आपापल्या काळी, आपापल्या वाटेने पाण्यात गेले.