प्रोस्टेट कॅन्सरचे उपचार झाल्यावर: फॉलोअपची घडी कशी बसवायची

प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन किंवा रेडिएशन पूर्ण झालेल्या, किंवा हार्मोनची इंजेक्शनं चालू असलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्रक आहे. आमची छोटी संस्था अशा रुग्णांच्या तपासण्या, तारखा आणि कागदपत्रं सांभाळते. तुम्ही आमच्याकडे नाव नोंदवलं असो वा नसो, यातली माहिती जपून ठेवा.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. ऑपरेशन मुंबईला, रेडिएशन जिल्ह्याच्या ठिकाणी, इंजेक्शन गावातल्या डॉक्टरांकडे, रक्ततपासणी जवळच्या लॅबमध्ये आणि बीपी-शुगरच्या गोळ्या फॅमिली डॉक्टरांच्या. प्रत्येक डॉक्टर आपापलं काम नीट करत असतात. मात्र हाडांची तपासणी कोणी लिहून द्यायची, वाढलेल्या शुगरची खबर कॅन्सरच्या डॉक्टरांना कोणी द्यायची, हे कोणाच्याच चिठ्ठीवर नसतं. पाच दवाखान्यांमधली ही मोकळी जागा भरून काढणं, हेच आमचं काम.

पीएसएचा आकडा आणि छापील 'नॉर्मल'

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं, रक्तात मोजता येणारं एक प्रथिन. लॅबच्या रिपोर्टवर पीएसएच्या पुढे बहुधा '० ते ४' अशी नॉर्मल मर्यादा छापलेली असते. ती उपचार न झालेल्या पुरुषांसाठी असते, तुमच्यासाठी नाही. समजा, प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढून टाकलेल्या काकांचा पीएसए १.८ आला. रिपोर्टवर ठळक अक्षर नाही, लाल खूण नाही. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि कागद कपाटात जातो. खरं तर ग्रंथीच राहिलेली नाही, तर पीएसए जवळजवळ सापडताच कामा नये. ऑपरेशननंतर रक्तातला जुना पीएसए निघून जायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिली तपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात. त्यानंतर आकडा ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याच्या वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर डॉक्टर आजार परत डोकावतोय असं मानून पुढचा विचार करतात. अशा वेळी लवकर कळलं तर पुढच्या उपचारांना वाव जास्त राहतो. १.८ चा कागद कपाटात पडून राहणं म्हणूनच घातक.

ग्रंथी न काढता रेडिएशन झालेल्यांचा हिशेब वेगळा. त्यांची ग्रंथी जागेवरच असते. पीएसए हळूहळू उतरतो, कधी कधी त्याला दीड-दोन वर्षंही लागतात, आणि तो शून्यावर जायलाच हवा असं नाही. तो जितका खाली गेला, त्या सर्वांत कमी आकड्यात २ मिळवायचे. त्या पातळीला पीएसए पोचला, तर डॉक्टर आजार उलटल्याची शंका घेतात. सर्वांत कमी आकडा ०.४ असेल तर ही रेषा २.४ ला येते. मधल्या काळात पीएसए थोडा वर जाऊन आपोआप खालीही येतो, विशेषतः ब्रॅकीथेरपी (ग्रंथीच्या आतून दिलेलं रेडिएशन) झालेल्यांमध्ये. त्यामुळे ०.४ चा ०.७ झाला म्हणून रात्रीची झोप घालवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तेव्हा पुन्हा तपासा.

तेव्हा सर्वांत कमी आकडा कोणता आणि तो कधी आला, हे लिहून ठेवलेलं नसेल, तर आजचा आकडा वाचताच येत नाही. आम्ही प्रत्येक रुग्णाचा एक तक्ता करतो: तारीख, लॅबचं नाव, आकडा, आणि त्या वेळी कोणतं औषध चालू होतं. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. हार्मोनची इंजेक्शनं चालू असताना पीएसए दबलेला असतो आणि ती बंद झाल्यावर थोडा वर येऊ शकतो.

दोन सवयी लावून घ्या. एक, शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये तपासा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येऊ शकतात, आणि दशांशातल्या फरकावर निर्णय होतो तिथे हे परवडत नाही. दोन, लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. ग्रंथी शिल्लक असलेल्यांचा पीएसए लघवीच्या इन्फेक्शननेही वाढतो.

आणखी एक गोष्ट आम्ही पहिल्याच भेटीत तपासतो. "प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, दुर्बिणीतून," असं अनेक जण सांगतात. दुर्बिणीतून लघवीच्या वाटेतला अडथळा खरवडून काढला असेल, तर ग्रंथी बरीचशी आतच असते आणि वरचा ०.२ चा नियम लागू होत नाही. नेमकं काय केलं हे डिस्चार्ज कार्डावर असतं, आणि कॅन्सर कुठवर होता हे बायोप्सीच्या किंवा काढलेल्या ग्रंथीच्या रिपोर्टमध्ये. हे दोन कागद हरवले असतील तर रुग्णालयाकडून त्यांच्या प्रती मिळवायला आम्ही मदत करतो.

पीएसए किती दिवसांनी करायचा, हे तुमचे डॉक्टरच ठरवतात. साधारणपणे पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची काही वर्षं सहा महिन्यांनी आणि सगळं ठीक असेल तर नंतर वर्षातून एकदा. आम्ही तपासणीची तारीख डॉक्टरांच्या भेटीच्या आठवडाभर आधी लावतो, म्हणजे रिपोर्ट हातात घेऊनच जाता येतं.

हार्मोनची इंजेक्शनं, किंवा अंडकोष काढलेले असतील तर

ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन यांची इंजेक्शनं महिन्याची, तीन महिन्यांची किंवा सहा महिन्यांची असतात. तारीख पुढे ढकलू नका. नातवाची मुंज असो की शेतातली सुगी, आधी सांगितलंत तर आम्ही डॉक्टरांशी बोलून सोय करतो. काही इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, तसं खोक्यावर लिहिलेलं असतं. वीज सतत जाणाऱ्या भागात अशी औषधं घरी न ठेवता त्याच दिवशी मेडिकलमधून न्यावीत.

आपल्याकडे खर्चामुळे आणि ये-जा टाळण्यासाठी अनेकांचे अंडकोष ऑपरेशनने काढलेले असतात. त्यांना इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे फॉलोअपही नको असं वाटतं. हा गैरसमज आहे. दोन्ही उपायांनी शरीरातला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे या कॅन्सरला वाढवणारा पुरुषी हार्मोन, खाली जातो आणि परिणामही तेच होतात: अंगातून गरम वाफा, थकवा, पोटाचा घेर वाढणं, शुगर आणि कोलेस्टेरॉल वाढणं, मन उदास होणं, हाडं ठिसूळ होणं. हाडांचं नुकसान बाहेरून दिसत नाही. मोरीत पाय घसरून खुबा मोडतो, तेव्हा ते कळतं. म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी), व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, शुगर, लिपिड आणि बीपी या गोष्टी आमच्या यादीत पीएसएच्या शेजारीच असतात. वर्षाच्या वर्षाला त्या झाल्या का, हे आम्ही विचारतो, आणि नसतील तर तुमच्या डॉक्टरांना कळवतो.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू होणार असेल, तर आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून या. काढायचे दात आधीच काढावेत. ही औषधं चालू असताना दात काढला, तर जबड्याच्या हाडाची जखम भरून न येण्याचा धोका असतो.

ज्याबद्दल घरात बोललं जात नाही

ऑपरेशननंतर खोकताना, उठताना लघवी गळते. बहुतेकांची ही तक्रार सहा महिने ते वर्षभरात बरीच कमी होते, पण त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नेमाने करावे लागतात आणि ते नीट शिकावे लागतात. एक-दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जाऊन शिकलात तर चुकीचे स्नायू आवळत बसण्यात महिने जात नाहीत. लघवीची धार बारीक होत चालली असेल तर वयावर ढकलू नका. मार्ग आकुंचन पावलेला असू शकतो आणि त्यावर उपाय आहे.

शरीरसंबंधातल्या अडचणींबद्दल काका स्वतःहून विचारत नाहीत, काकू तर नाहीतच. डॉक्टरांच्या खोलीत मुलगा किंवा सून सोबत असते, आणि प्रश्न तसाच राहतो. तुमची इच्छा असेल तर आम्ही डॉक्टरांबरोबर फक्त पती-पत्नींसाठी वेगळी वेळ मागून घेतो. ऑपरेशननंतर ताठरता परत यायला दोन वर्षंही लागू शकतात, आणि मदतीचे मार्ग आहेत. मात्र छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा तसल्या नायट्रेटच्या गोळ्या घेत असाल, तर ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या चुकूनही घेऊ नका. रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.

रेडिएशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, संडासवाटे रक्त जाऊ शकतं. मूळव्याध समजून परस्पर इलाज करू नका. पोटाच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) सांगितली, तर रेडिएशन झालं आहे हे आधी सांगा. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर रेडिएशनचा परिणाम झालेला असतो. तिथून तुकडा काढला तर जखम चिघळू शकते, त्यामुळे डॉक्टर तिथे फार जपून हात घालतात.

आमच्या फोनची वाट न बघता दवाखान्यात जायचं, ते केव्हा

पायातली ताकद अचानक कमी झाली, पाय किंवा जांघेचा भाग बधिर वाटू लागला, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, विशेषतः सोबत पाठीत नवीन, रात्री वाढणारं दुखणं असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याची ही लक्षणं असू शकतात. यात तासांना किंमत असते. लघवी पूर्ण अडली किंवा लघवीतून रक्ताच्या गाठी जाऊ लागल्या, तरीही थांबू नका.

आम्ही काय करतो, काय करत नाही

आम्ही डॉक्टर नाही. रिपोर्टचा अर्थ सांगत नाही, औषध बदलत नाही, अमुक रुग्णालयात जा असंही सांगत नाही. कोणत्याही लॅबकडून किंवा मेडिकलकडून आम्ही कमिशन घेत नाही. आमची फी सुरुवातीलाच लेखी देतो.

आम्ही तुमची फाइल लावतो आणि एक पान तयार करतो. त्यावर उपचार, तारखा, पीएसएचा तक्ता, चालू औषधं आणि ॲलर्जी एवढंच असतं. ते पान तुमच्या प्रत्येक डॉक्टरांकडे जातं, आणि प्रत्येक भेटीनंतर पुन्हा नीट केलं जातं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला उपचारांसाठी व तपासणीसाठी जाताना भाड्यात सवलत असते. तिचा फॉर्म रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे. प्रवास आखताना हे सगळं आम्ही बघतो.

मुलं पुण्यात, बंगळुरात किंवा अमेरिकेत असतात आणि रिपोर्ट थेट त्यांनाच पाठवायला सांगतात. त्यांची काळजी आम्हाला कळते. तरीही कोणाला काय कळवायचं, हे आम्ही आधी रुग्णालाच विचारतो आणि त्यांच्या सहीने लिहून घेतो. "बाबांना सांगू नका" ही विनंती आम्ही मान्य करत नाही. स्वतःच्या आजाराची माहिती असलेला माणूस तारखा अधिक नीट पाळतो, आणि तो त्याचा हक्कही आहे.

भाऊ आणि मुलगे यांच्यासाठीही एक सूचना आहे. जवळच्या नात्यात प्रोस्टेट कॅन्सर असेल तर त्यांचा धोका वाढतो. त्यांनी पंचेचाळिशीच्या सुमारास, आणि घरात कमी वयात हा कॅन्सर झाला असेल किंवा आई-बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर त्याआधीच, तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

पहिल्या भेटीला येताना

डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा किंवा ऑपरेशननंतरचा रिपोर्ट, रेडिएशनचा गोषवारा, आतापर्यंतचे सगळे पीएसए रिपोर्ट आणि शेवटचं इंजेक्शन कोणतं व कधी घेतलं याची नोंद घेऊन या. कागद लावत बसू नका, पिशवीत असतील तसे आणा. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याही आणा, त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथीची आणि कोणी सुचवलेली पावडरसुद्धा आली. स्कॅनच्या सीडी असतील तर त्या वेगळ्या पाकिटात ठेवा, वाकल्या की उघडत नाहीत.