हँडहेल्ड इम्युलेटरवरील आर्केड खेळ

नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांची, म्हणजे आर्केडची, हुबेहूब नक्कल ‘इम्युलेटर’ नावाच्या सॉफ्टवेअरने उभी करायची आणि ते खेळ खिशात मावणाऱ्या उपकरणावर, म्हणजे हँडहेल्डवर खेळायचे, असा हा छंद आहे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून नव्वदच्या दशकापर्यंतचे खेळ त्यात प्रामुख्याने येतात.

आर्केडचे खेळ घरगुती कन्सोलसारखे एका ठरावीक यंत्रासाठी लिहिलेले नसत. ‘पॅक-मॅन’ (१९८०) ३.०७२ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरवर चाले. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’च्या (१९७९) पडद्यावर ठिपके नव्हतेच, इलेक्ट्रॉन झोत थेट रेषा काढत असे. साहजिकच असंख्य सर्किट बोर्डांची नक्कल एकाच प्रोग्रॅममध्ये बसवावी लागते. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मेम’ या इम्युलेटरने हे काम हाती घेतले. २०१६ पासून तो मुक्त स्रोत परवान्याखाली आहे. जुनी यंत्रे आतून कशी चालत याची नोंद ठेवणे हा त्याचा जाहीर हेतू. खेळता येणे हा वरकड फायदा. हे जरा साळसूद वाटते, पण कर्ते त्याला जागले आहेत. अचूकतेपायी नव्या आवृत्त्या जड होत गेल्या, आणि स्वस्त हँडहेल्डच्या चिपला त्या झेपत नाहीत. म्हणून अशा उपकरणांवर २००३ मधील ०.७८ आवृत्तीवर बेतलेला मेम किंवा ‘फायनलबर्न निओ’ हा दुसरा इम्युलेटर वापरतात. रॉम फायलींचा, म्हणजे बोर्डावरच्या चिपांमधून वाचून काढलेल्या खेळाच्या फायलींचा संचही त्याच आवृत्तीचा लागतो. बोर्डावरच्या चिपा पुन्हा नीट वाचल्या गेल्या की फायलींची यादी बदलते, आणि नुसते नाव जुळणारी फाइल चालत नाही. नवशिक्यांची बहुतेक रड इथलीच.

खरी गंमत पडद्यात आहे. ‘मियू मिनी’ या हँडहेल्डचा पडदा २.८ इंची, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. ‘पॅक-मॅन’चे मूळ चित्र उभे, २२४ बाय २८८. ते सरळ ठेवून पडद्याच्या उंचीला भिडवले तर सुमारे १.६७ पट होते. काही ओळी जाड, काही बारीक दिसतात. उपकरण आडवे धरून चित्र फिरवले की नेमके दुप्पट, ४४८ बाय ५७६, बसते आणि चक्रव्यूहाची प्रत्येक भिंत रेखीव येते. दिशांची बटणे मात्र नव्याने नेमावी लागतात. कॅपकॉम या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या सीपीएस-१ बोर्डाचे चित्र ३८४ बाय २२४ असून मूळ पडद्यावर ते ४:३ प्रमाणात ताणले जाई. ६४० बाय ४८० मध्ये ते कसेही बसवा, तडजोड अटळ. अशा वेळी प्रमाण राखावे, ठिपक्यांचा आग्रह सोडावा. नाहीतर पात्रे दाबल्यासारखी दिसतात.

नियंत्रणांचे दुखणे वेगळे. ‘पॅक-मॅन’ला चारच दिशा लागतात, पण आठ दिशा ओळखणाऱ्या बटणांवर अंगठा जरा तिरका पडला की वळण चुकते. ‘स्ट्रीट फायटर २’ला (१९९१) सहा बटणे हवीत, त्यांतली दोन मागच्या खांद्यावर ढकलावी लागतात.

नाण्याचे काम ‘सिलेक्ट’ बटण करते, आणि खेळाचा स्वभावच पालटतो. नाणी गिळण्यासाठीच या खेळांची काठिण्यपातळी बेतलेली असे. फुकट नाण्यांवर शेवटचा खलनायकही तासाभरात आडवा होतो, पण कौशल्य येत नाही. म्हणून जाणकार एकाच नाण्यात कुठवर मजल जाते ते पाहतात.

भारतात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढलेली पिढी इम्युलेटरवर हटकून शोधते तो खेळ म्हणजे ‘मुस्तफा’. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ (कॅपकॉम, १९९३). पण त्यातल्या मुस्तफा या पात्रावरून पोरांनी ठेवलेले नावच रूढ झाले. तिघांनी खांद्याला खांदा लावून खेळायचा हा खेळ हँडहेल्डवर एकट्याचा होतो. तो मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर आधारलेला असल्याने हक्क एकट्या कॅपकॉमकडे नाहीत, आणि कंपनीच्या २०१८ मधील मारधाड खेळांच्या संग्रहातही तो नव्हता.

इम्युलेटर बाळगणे बेकायदेशीर नाही. प्रश्न रॉमचा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला खबरदारी म्हणून राखीव प्रत काढता येते. इंटरनेटवरून हजारो खेळांचा संच उतरवून घेणे त्यात बसत नाही, आणि विक्रेत्याने आधीच भरून दिलेले मेमरी कार्डही नाही. ‘रॉबी रोटो’सारखे मोजके खेळ हक्कधारकांच्या परवानगीने मेमच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यांत पार्लरमधले गाजलेले नाव सापडत नाही.