३३ अमिनो आम्लांची उणीव

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगणारी जाहिरात दिसली की मला क्रोन आजार आठवतो. या रुग्णांच्या आतड्यात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भडकलेली असते. भिंतीला सूज, व्रण, जुलाब, घटणारं वजन. क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोघांना मिळून आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आतड्याचे दाहक आजार) म्हणतात. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो, क्रोन पचनमार्गात कुठेही उपटतो.

२००१ साली दोन संशोधक गटांनी एकाच वेळी क्रोनशी निगडित पहिलं जनुक दाखवून दिलं: सोळाव्या गुणसूत्रावरचं नॉड-२. गंमत अशी, की या जनुकातले दोषी बदल प्रतिकारशक्तीला धार आणत नाहीत, उलट तिला बोथट करतात!

या जनुकावरून बनणारं, त्याच नावाचं प्रथिन पेशीच्या आत राहतं; ते १,०४० अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी असतं. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचा म्युरामिल डायपेप्टाइड नावाचा बारीक तुकडा आत शिरला, की प्रथिनाचं शेपटाकडचं टोक तो तुकडा ओळखतं आणि संरक्षक जनुकं कामाला लागतात. आता बिघाड पाहा. डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचली जातात. ‘बदक सरळ उडत’ या ओळीत एक ‘म’ घुसवून तीन-तीन अक्षरं वाचा: ‘बदक सरम ळउड त’. नॉड-२च्या एका प्रसिद्ध बदलात असंच सायटोसिनचं एक जादा अक्षर घुसतं. १,००७ व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन येतं, लगेच पुढे ‘थांबा’चा संकेत तयार होतो आणि शेवटची ३३ अमिनो आम्लं जोडलीच जात नाहीत. नेमकं शेपूटच तुटलं, आता तुकडा ओळखायचा कसा?

लहान आतड्यातल्या पॅनेथ पेशी डिफेन्सिन ही जिवाणुनाशक प्रथिनं सोडतात. नॉड-२ निकामी असेल तर हे काम ढिलं पडतं आणि जिवाणू भिंतीला जाऊन भिडतात, असं एक स्पष्टीकरण आहे. मग पेशींवरचे ‘टोल-सारखे’ नावाचे दुसरे ग्राहक (संकेत झेलणारी प्रथिनं) जागे होतात आणि तेही प्रमाणाबाहेर, कारण एरवी त्यांना आवर घालण्यात नॉड-२चाही वाटा असतो. किरकोळ चकमक वेळीच न मिटल्याने घनघोर युद्ध पेटतं. यातली कुठली पायरी निर्णायक, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

मात्र यावरून जनुक चाचणीची कुंडली मांडू नका. असे बदल असलेले बहुतेक लोक आयुष्यभर ठणठणीत राहतात. तद्रूप जुळ्यांपैकी एकाला क्रोन झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असं नाही. जपान, चीन, कोरियात हे नेहमीचे बदल जवळपास सापडतच नाहीत, तरी क्रोन तिथेही आहे. आयबीडीशी जोडलेल्या जनुकीय जागा आता २००हून जास्त आहेत आणि बहुतेकींचा एकेकटीचा परिणाम चिमूटभर. धूम्रपानाने मात्र क्रोन हमखास बळावतो; त्यासाठी कुठलीही चाचणी लागत नाही.

काही बदल तर संरक्षकही निघाले. इंटरल्युकिन-२३ हा दाह वाढवणारा निरोप. तो झेलणाऱ्या ग्राहकात ३८१ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन असेल तर क्रोनचा धोका घटतो, हे २००६ मध्ये कळलं. आज इंटरल्युकिन-२३ अडवणारी रिसांकिझुमॅबसारखी औषधं क्रोनच्या रुग्णांना दिली जातात. ती प्रतिकारशक्तीचा एक नेमका निरोप दाबतात; वाढवत काहीच नाहीत.