अमेरिकेत लिव्हर ॲक्शन रायफल आखूड करायची तर: फॉर्म 1, पात्रता आणि कागदपत्रं

इथे पेनसिल्व्हेनियात माझ्या एका मित्राने जुनी विंचेस्टर 94 घेतली, म्हणजे ट्रिगरखालचा लिव्हर ओढून पुढची गोळी भरायची लिव्हर ॲक्शन रायफल, 20 इंची बॅरलची, आणि आठवड्यातच म्हणाला की ही 12 इंचावर कापून घेऊ, जंगलात फिरायला बरी पडेल. मी म्हटलं करवतीला हात लावू नकोस, आधी बसून बोलू. जे बोललो ते सगळ्यांसाठी लिहितोय, कारण यात चूक झाली तर दंड आणि 10 वर्षांपर्यंत तुरुंग आहे.

1934 च्या फेडरल कायद्यात (सगळे एनएफए म्हणतात) रायफलचं बॅरल 16 इंचाच्या खाली किंवा एकूण लांबी 26 इंचाच्या खाली गेली की ती 'शॉर्ट बॅरल्ड रायफल' होते आणि तिची नोंदणी लागते. दोन्ही मापं पाळायची, एकच पाळून चालत नाही. बॅरल मोजायची पद्धत अशी, बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा, लिव्हर बंद करा, नळीच्या तोंडातून काठी आत बोल्टला टेकेपर्यंत सरकवा, तोंडापाशी खूण करा आणि काठी बाहेर काढून मोजा. मित्राने बाहेरून टेप लावला होता, ते माप धरत नाहीत.

आता गोंधळाची गोष्ट. दुकानात 'मेअर्स लेग' नावाची आखूड लिव्हर ॲक्शन बंदूक मिळते, रॉसीची रँच हँड किंवा हेन्रीची, बॅरल साधारण 12-13 इंच, आणि ती नोंदणीशिवाय मिळते. कारण ती कारखान्यातूनच पिस्तूल म्हणून निघते, तिला खांद्याला लावायचा दस्ता कधी नव्हताच. पण रायफल कापून तुम्ही तशीच बनवली तर ती पिस्तूल होत नाही, कायद्याच्या नजरेत ती रायफलपासून बनवलेलं हत्यारच राहते. आणि उलट, मेअर्स लेगला पूर्ण दस्ता लावला तर त्या क्षणी ती शॉर्ट बॅरल्ड रायफल झाली. पिस्तूल असल्यामुळे डीलरकडून घ्यायला वय 21 पूर्ण लागतं, हेही लक्षात ठेवा.

पात्रता बघू. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाले अर्ज करू शकतात, गंभीर गुन्ह्याची किंवा कौटुंबिक हिंसेची शिक्षा वगैरे आड येत नसेल तर. एच-1बी किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर सरसकट बंदूक बाळगायलाच मनाई आहे, राज्याचं शिकारीचं लायसन्स असण्यासारखे मोजके अपवाद सोडून. आपल्यातले कितीतरी जण याच व्हिसावर आहेत, म्हणून शूटिंग रेंजवर जायच्या आधी हे नीट समजून घ्या. राज्याचा कायदा वेगळाच. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात सामान्य माणसाला हे चालत नाही, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या माणसाने हा विचार सोडून द्यावा.

अर्ज म्हणजे एटीएफचा (बंदुकांचं काम बघणारं फेडरल खातं) फॉर्म 1, ऑनलाईन ईफॉर्म्सवर भरता येतो. बंदुकीचा मेक, मॉडेल, सिरीयल नंबर, कॅलिबर, आणि कापल्यावर होणारी बॅरलची व एकूण लांबी लिहायची. सोबत 2 बाय 2 इंचाचा अलीकडचा फोटो, बोटांचे ठसे, आणि स्थानिक पोलीसप्रमुखाला एक प्रत. 2016 पासून पोलीसप्रमुखाची परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं असतं. ट्रस्टच्या नावाने केलं तर त्यातल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीचा वेगळा फॉर्म, फोटो आणि ठसे. तो खटाटोप वाटेल पण नवरा-बायको दोघं हाताळणार असाल तर ट्रस्टच बरा, कारण एकाच्या नावावरची बंदूक दुसऱ्याच्या ताब्यात असणं अडचणीचं ठरतं. आधी 200 डॉलर टॅक्स होता, 1 जानेवारी 2026 पासून शॉर्ट रायफलसाठी तो शून्य झाला. काही लोकांना वाटलं नोंदणीच गेली, तसं अजिबात नाही.

मंजुरी हातात आल्यावरच कापायचं. मग बनवणारे म्हणून तुमचं नाव, गाव, राज्य बंदुकीवर कोरून घ्यायचं, किमान 0.003 इंच खोल, खोदकामवाल्याला हा आकडा आधीच सांगा.

आणि मनापासून सांगतो, बहुतेकांना याची गरज नाही. लिव्हर ॲक्शनमध्ये गोळ्यांची नळी बॅरलखाली असते, बॅरल कापलं की तीही छोटी होते, दोन-तीन गोळ्या कमी बसतात, 30-30 (या रायफलची नेहमीची गोळी) चा वेग घटतो, आवाज आणि भडका वाढतो, नेम धरायची पुढची साईट परत बसवावी लागते. सव्वासोळा इंचावर थांबलात आणि एकूण लांबी 26 च्या वर राहिली तर फॉर्म लागतच नाही (फेडरल कायद्यापुरतं बोलतोय). मित्राने शेवटी गनस्मिथकडून तेच करून घेतलं.

भारतात मात्र हे डोक्यात आणू नका, शस्त्र कायद्याच्या कलम 6 प्रमाणे लायसन्सशिवाय बॅरल आखूड करणं गुन्हा आहे आणि कलम 25 ची शिक्षा जबर आहे.

नोंदणी केलेली बंदूक दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर निघण्याआधी 5320.20 फॉर्मवर एटीएफची मंजुरी घ्या. फॉर्म 1 ची मूळ प्रत घरी कपाटात आणि झेरॉक्स कायम बंदुकीच्या केसमध्ये ठेवा.