गॅसबत्तीच्या मेंटलचा उजेड येतो कुठून?

पेट्रोमॅक्स बत्तीच्या मेंटलमध्ये, म्हणजे ज्योतीवर बांधलेल्या पांढऱ्या जाळीत, थोरियम असते, थोरियम किरणोत्सर्गी असते, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या वराती अणुऊर्जेच्या उजेडात निघत होत्या, असे सर्रास ऐकू येते. यातली पहिली दोन वाक्ये खरी आहेत, तिसरे साफ चूक. खरे कारण त्याहून कितीतरी सुंदर आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे जग समजून घ्यायलाही ते उपयोगी पडते.

आधी हिशेब करू. जुन्या पद्धतीच्या एका मेंटलमध्ये साधारण ०.३ ग्रॅम थोरियम असते. थोरियमचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, १४०० कोटी वर्षे आहे, त्यामुळे एवढ्या थोरियमचे दर सेकंदाला फार तर १२०० अणू फुटतात. थोरियम फुटून पुढे एकामागून एक बनणाऱ्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या सगळ्या साखळीतली ऊर्जा धरली, तरी हाती लागतो वॅटचा दहा कोटीवा भाग. उलट, लिटरभर रॉकेलमध्ये सुमारे साडेतीन कोटी ज्यूल ऊर्जा असते. बत्ती आठ तासांत एवढे रॉकेल जाळते, म्हणजे सरासरी १२०० वॅट. एकीकडे १२०० वॅट, दुसरीकडे वॅटचा दहा कोटीवा भाग! शिवाय न पेटवलेले मेंटल अंधाऱ्या कपाटात ठेवले तर ते जराही चमकत नाही. उजेड रॉकेलचाच असतो. थोरियमचे काम वेगळेच आहे.

एकोणिसाव्या शतकात शहरांतून दगडी कोळशाचा गॅस जळे. मुंबईत रस्त्यावरचे गॅसदिवे १८६५ साली लागले. त्या दिव्यांची ज्योत उघडी आणि पिवळी असे. पिवळेपणा काजळीच्या तापलेल्या कणांचा, म्हणजे ज्वलन अर्धवट होई तेव्हाच प्रकाश मिळे. गॅसमध्ये आधीच पुरेशी हवा मिसळली तर ज्योत खूप गरम होते, पण निळी आणि जवळजवळ निस्तेज होते. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर आठवा. उष्णता भरपूर असून उजेड नाही, अशी ही अडचण होती.

ती सोडवली व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने. तो हायडेलबर्गला बुन्सेनचाच विद्यार्थी होता आणि दुर्मीळ मृदा धातूंच्या वर्णपटांवर काम करत होता. क्षारांचा द्रव ज्योतीत जास्त वेळ टिकावा म्हणून त्याने सुती धागा त्यात भिजवून ज्योतीत धरला. धागा जळून गेला, पण त्याच्याच आकाराचा ऑक्साइडचा सांगाडा मागे राहिला आणि झगझगीत तापला. १८८५ मध्ये त्याने पेटंट घेतले. मात्र पहिली मेंटले मॅग्नेशियम, लँथॅनम, इट्रियम यांच्या ऑक्साइडांची होती. त्यांचा उजेड हिरवट पडे आणि ती लगेच तुटत. धंदा बसला. नेटाने काम करत १८९१ मध्ये तो नव्या मिश्रणापाशी पोचला: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला व्हिएन्नातल्या एका कॅफेबाहेर हे दिवे लोकांसमोर लागले. पुढची दोन-तीन दशके याच दिव्याने विजेच्या दिव्याला दमवले.

नेमके ९९ आणि १ का?

तापलेली कोणतीही वस्तू प्रारण, म्हणजे प्रकाश आणि उष्णतेचे किरण, सोडते. वस्तू पूर्ण काळी असेल, म्हणजे पडलेला सगळा प्रकाश शोषणारी, तर तिच्या प्रारणाचा वर्णपट फक्त तापमानावर ठरतो. १८०० केल्विनला, म्हणजे सुमारे १५०० अंश सेल्सिअसला, या वर्णपटाचे शिखर १.६ मायक्रोमीटरला येते. आपल्या डोळ्यांना साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर दिसते. म्हणजे शिखर पुरते अवरक्तात, तांबड्याच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या टापूत, पडले. अशा काळ्या वस्तूने टाकलेल्या ऊर्जेपैकी अर्धा टक्कादेखील दृश्य प्रकाश नसतो, बाकी सगळी धग. त्यातही मोठा तोटा असा की इतकी धग बाहेर फेकणारी वस्तू ज्योतीत ठेवली, तरी ज्योतीइतकी गरम होऊच शकत नाही. ज्योत उष्णता देते आणि वस्तू ती अवरक्तातून उधळते.

आता किरखॉफचा नियम लावा. जो पदार्थ ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, तोच पदार्थ तापल्यावर त्याच तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. जे शोषत नाही, ते सोडतही नाही. शुद्ध थोरियम ऑक्साइडचे बारीक कण पांढरेशुभ्र दिसतात, कारण दृश्य प्रकाशात ते शोषतच नाहीत, आणि अवरक्तातही साधारण ५ मायक्रोमीटरपर्यंत ते जवळपास पारदर्शक असतात. त्यामुळे ही जाळी ज्योतीत धरली की तिची ऊर्जा बाहेर पडण्याची मुख्य वाट बंद असते. ती तापत तापत ज्योतीच्या तापमानाच्या अगदी जवळ जाते. त्यात थोरियम ऑक्साइड वितळते सुमारे ३३०० अंशांना, म्हणजे जाळीला धोका नाही. पण निव्वळ थोरियमची जाळी प्रचंड गरम होऊनही फिकी दिसते. अवरक्तात सोडत नाही, तसे दृश्यातही सोडत नाही.

इथे एक टक्का सिरियम कामाला येते. सिरियम ऑक्साइड वर्णपटाच्या जांभळ्या-निळ्या टोकाला शोषते, आणि तापमान चढले की त्याचा शोषणाचा पट्टा हिरव्या-पिवळ्याकडे पसरतो. म्हणजे किरखॉफच्या नियमाने ते याच रंगांत सोडणारही. पण १ ते ५ मायक्रोमीटरच्या टापूत, जिथे काळ्या वस्तूची बहुतेक ऊर्जा वाया जाते, तिथे ते एवढ्या थोड्या प्रमाणात असताना फारसे काही सोडत नाही. थोरियम तापमान राखते, सिरियम उजेडापुरती एकच खिडकी उघडते. सिरियम वाढवून ५-१० टक्के केले, तर उजेड वाढण्याऐवजी घटतो. खिडकी रुंद होते, ऊर्जेची गळती वाढते, जाळीचे तापमान उतरते आणि रंग पिवळसर-लाल होतो. आउअरने हे प्रमाण प्रयोग करकरून गाठले. कारणमीमांसा नंतर आली.

ती मुख्यतः बर्लिनच्या हाइनरिश रुबेन्सने दिली. १९०५-०६ च्या सुमारास त्याने मेंटलचे प्रारण तरंगलांबीगणिक मोजले: निळ्या टापूत ते काळ्या वस्तूच्या जवळ जाते, जवळच्या अवरक्तात जेमतेम काही टक्के उरते, आणि १० मायक्रोमीटरच्या पुढे पुन्हा जोरदार होते. त्या शेवटच्या गुणामुळे रुबेन्सने मेंटलचाच लांब तरंगांचा स्रोत म्हणून प्रयोगशाळेत वापर केला. हाच रुबेन्स ऑक्टोबर १९०० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकच्या घरी आपली मोजमापे घेऊन गेला होता आणि त्यावरून प्लांकने प्रारणाचे सूत्र मांडले, जिथून पुंजभौतिकी सुरू झाली. ती मोजमापे बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातल्या राष्ट्रीय मानक संस्थेशी जोडलेली होती, आणि दिव्यांच्या प्रकाशाला विश्वासार्ह मानक मिळवणे ही त्या कामामागची एक व्यावहारिक गरज होती. पुंजभौतिकीचा उगम सांगताना हा धागा बहुधा गाळला जातो. तो गाळू नये असे मला वाटते.

मेंटल बनवण्याची कृतीही पाहू. सुती, नंतर चीनमधल्या रॅमी या वनस्पतीच्या आणि पुढे कृत्रिम रेशमाच्या धाग्याची नळी विणायची. थोरियम आणि सिरियम नायट्रेटच्या द्रावणात ती भिजवून पिळायची, वाळवायची. मजबुतीसाठी थोडे बेरिलियम, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचे क्षार घालत. मग जाळायची. धागा जातो, नायट्रेटचे ऑक्साइड होते. तापताना थोरियम नायट्रेट फुगते, त्यामुळे सांगाडा हलका आणि सच्छिद्र राहतो. हे गुणाचेच आहे, कारण वस्तुमान कमी म्हणजे जाळी क्षणात तापते. पण याच सच्छिद्रपणामुळे एकदा जळलेले मेंटल बोट लागले तरी मोडते. कारखान्यातून जळलेली मेंटले पाठवायची तर ती कोलोडियन (वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणारा द्रव) आणि एरंडेलाच्या मिश्रणात बुडवून कडक करावी लागत. घरी पहिल्यांदा पेटवताना तो थर जळून जाई.

थोरियम येई मोनाझाइट या खनिजाच्या वाळूतून. सुरुवातीला ब्राझीलच्या किनाऱ्यावरून आणि अमेरिकेतल्या कॅरोलिनांतून, आणि ही वाळू, ती शुद्ध करणारे कारखाने, नायट्रेटचे दर हे सगळे जर्मन कंपन्यांच्या संघाच्या मुठीत होते. १९०९ मध्ये शोंबेर्ग नावाच्या जर्मन माणसाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मानवलकुरिची भागात मोनाझाइट सापडले, तेही ब्राझीलपेक्षा जास्त थोरियम असलेले. काही वर्षांत तिथून निर्यात सुरू झाली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांच्या लक्षात आले की आपल्याच साम्राज्यातल्या वाळूवर जर्मनीचा ताबा आहे आणि आपल्या गॅसदिव्यांचे मेंटल त्यावर अवलंबून आहे. मग तिथली वाळू काढणारी कंपनी ब्रिटिश हाती घेतली गेली. पहिल्या महायुद्धाच्या कच्च्या मालाच्या यादीत रबर, तेल, नायट्रेट हे ठळकपणे येते, मेंटलची वाळू कुणी सांगत नाही. स्वातंत्र्यानंतर हेच मोनाझाइट भारताने स्वतःकडे ठेवले. १९५५ मध्ये ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना सुरू झाला, तेव्हा तिथून मेंटल उद्योगालाही थोरियम नायट्रेट मिळत होते.

मेंटलच्या कारखान्यांत टाकाऊ गाळ साचे. १९०७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो हानने त्यातला मेसोथोरियम, थोरियमपासून बनणारा किरणोत्सर्गी पदार्थ, ओळखला आणि रेडियमच्या जागी तो विकला जाऊ लागला. त्या काळी किरणोत्सर्ग म्हणजे शक्तीवर्धक, असा समज पसरला होता. आउअरच्याच नावाच्या बर्लिनच्या कंपनीने थोरियमचा अंश घातलेली ‘डोरामाड’ टूथपेस्ट विकली. ती मागे पडली, पण खूळ गेले नाही. ‘निगेटिव्ह आयन’ आणि ‘स्केलर एनर्जी’च्या नावाखाली आज विकली जाणारी अनेक लॉकेटे आणि ब्रेसलेटे मोनाझाइटची पूड मिसळून बनवलेली असतात. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने तपासलेल्या अशा दहा वस्तू किरणोत्सर्गी निघाल्या आणि लोकांना त्या न वापरण्याचा इशारा दिला गेला. बत्तीतले मेंटल काहीतरी उपयोगाचे काम करते. हे लॉकेट छातीवर सतत बाळगण्यात फायदा शून्य आणि किरणोत्सर्ग मात्र रोजचा. कुणी दिले तर घालू नका.

आता बत्ती पेटवण्याविषयी. १९१० च्या सुमारास बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ याने रॉकेलवर चालणारी दाबाची बत्ती बाजारात आणली, तीच पेट्रोमॅक्स. वीज नसलेल्या गावच्या जत्रा, कीर्तने, तमाशे आणि डोक्यावर चुंबळ ठेवून नेलेल्या वरातीच्या बत्त्या तिच्याच कुळातल्या. टाकी तीन चतुर्थांशच भरायची, कारण वरच्या हवेचा दाबच रॉकेल वर ढकलतो. नवे मेंटल चिनी मातीच्या टोकाला सारख्या चुण्या पाडून बांधायचे, घड्या एकीकडे आल्या तर जाळी वाकडी फुगते. वाटीत स्पिरिट पेटवायचे. ही पायरी लोक आवरतात आणि पस्तावतात. रॉकेल १५० ते ३०० अंशांच्या दरम्यान उकळते. रॉकेल वर नेणारी नळी तेवढी तापली नसेल तर नोझलमधून वाफ न येता द्रव रॉकेल उडते, पिवळ्या ज्वाळा निघतात आणि मेंटल काजळीने काळे पडते. स्पिरिट संपत आले की हवेचा स्क्रू आवळून लाल खुणेपर्यंत पंप मारायचा. वाफेचा झोत बाजूची हवा ओढून घेतो, आणि एक किलो रॉकेलला सुमारे पंधरा किलो हवा लागते. फुसफुस हा त्याच झोताचा आवाज.

उजेड मंदावला तर आधी दाब पाहावा, मग नोझल. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक भोकात काजळी अडकते, ती आतली पिन फिरवून काढतात. उजेड धडधडत कमी-जास्त होत असेल तर नळीत कार्बनचा थर साचलेला असतो. पंप पोकळ लागत असेल तर चामड्याचा वायसर वाळला आहे. दोन थेंब तेल पाजावे. मेंटलला भोक पडले तर चालवून घेऊ नये. त्यातून निघणारी ज्योत थेट काचेवर आपटते आणि काच तडकते.

नवे थोरियमचे मेंटल पहिल्यांदा पेटवताना मात्र उघड्यावर पेटवावे आणि धुरापासून लांब राहावे. थोरियमच्या साखळीतली काही मूलद्रव्ये तेव्हा वाफेबरोबर बाहेर पडतात. शाबूत मेंटलच्या शेजारी बसण्यात धोका नगण्य आहे, पण मोडलेल्याची पूड फुंकरीने उडवू नये, ओल्या कागदात गोळा करावी, हात धुवावेत, मुलांपासून लांब ठेवावी. आता अनेक देशांत थोरियमऐवजी इट्रियमची मेंटले मिळतात. त्यांचा उजेड थोडा कमी पडतो, पण किरणोत्सर्गाची काळजी उरत नाही.