धातूची धूळ: एक्स-रे नेहमी खरं सांगत नाही

ग्राइंडरवरून उडणाऱ्या ठिणग्या डोळ्यांत भरतात, पण फुफ्फुसांना त्यांच्याशी फारसं देणंघेणं नाही. जाड कण नाकाघशात अडकतात आणि शिंकेबरोबर, बेडक्याबरोबर बाहेर पडतात. घात करतात ते साधारण ४ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण. ते थेट वायुकोशांत उतरतात. वेल्डिंगच्या धुरातले बहुतेक कण तर १ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. श्वासनलिकेत कचरा वर ढकलणारे सूक्ष्म रोम असतात, वायुकोशांत ते नसतात. तिथली सफाई भक्षक पेशींकडे असते. त्या कण गिळतात, आणि पुढचं सगळं गिळलेला धातू कोणता यावर अवलंबून असतं.

लोखंड त्यातल्या त्यात सोसणारं. १८६७ साली फ्रीडरिख त्सेंकर या जर्मन डॉक्टरांनी लोह ऑक्साइडची पूड हाताळणाऱ्या एका कामगार स्त्रीच्या फुफ्फुसांचं वर्णन केलं आणि या विकाराला 'सिडरोसिस' हे नाव दिलं. जुन्या वेल्डरच्या एक्स-रेवर ठिपकेच ठिपके दिसतात, पाहणाऱ्याला टीबीची शंका यावी इतके. माणूस मात्र बहुधा न धापता जिना चढतो. लोह एक्स-किरण अडवतं म्हणून ठिपके ठळक दिसतात, पण फुफ्फुसात व्रण फारसे पडत नाहीत. धुळीतलं काम सुटलं की काही वर्षांत ठिपके पुसट होऊ लागतात. एवढ्यावरून वेल्डिंगचा धूर निरुपद्रवी मात्र समजू नये. त्यात इतर धातूही असतात. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्यांच्या, गटात टाकलं.

कोबाल्टचं याच्या अगदी उलट. धातू कापायच्या कार्बाइडच्या टूल्समध्ये टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात. या टूल्सना धार लावताना उडणाऱ्या धुळीमुळे काही थोड्या कामगारांच्या फुफ्फुसांत भक्षक पेशी एकमेकींत मिसळून राक्षसी पेशी बनतात आणि चक्क शेजारच्या पेशी गिळू लागतात. सुरुवातीला एक्स-रे जवळजवळ स्वच्छ असू शकतो, तरी दम लागतो. कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवणारा द्रव, सोडलं की धूळ बसते, हा समजही इथे अर्धाच खरा. कोबाल्ट कूलंटमध्ये विरघळतं, आणि तेच कूलंट फिरवून फिरवून वापरलं की त्याच्या तुषारांतून श्वासात जातं.

जस्ताची तऱ्हा आणखी वेगळी. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याला वेल्डिंग केलं की काही तासांनी, बहुधा घरी पोचल्यावर, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत सगळं ओसरतं. रोजच्या कामात शरीर सरावतं, सुटीत तो सराव मोडतो, म्हणून सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी ताप हमखास. पण कॅडमियमच्या धुराची सुरुवातही अशीच होते, आणि तो फुफ्फुसं सुजवून जीव घेऊ शकतो. मुलामा कशाचा आहे हे वेल्डरला कामाआधी कळायला हवं, ते याचसाठी.

मास्क लागतोच, पण धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारं हुड माझ्या मते जास्त कामाचं. आणि पाळी संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणं तर बंदच करावं. बसलेली बारीक धूळ त्याने पुन्हा नाकासमोर येते.

तपासणीत स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजणारी चाचणी, हवी, तीही कामावर रुजू होतानाच. धडधाकट कामगाराची फुंक अपेक्षित आकड्याच्या ११५ टक्के असू शकते. ती घसरून ९० वर आली तरी रिपोर्टवर 'नॉर्मल'च छापून येतं. पहिला कागद शेजारी ठेवला तरच घसरण दिसते.