चाचणीआधी भेगा बुजवू नका
(सोसायटीच्या कमिटीसाठी)

स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची, तारीख ठरली की बऱ्याच सोसायट्यांत एक काम हमखास निघतं. जिन्यातल्या भेगांवर पुट्टी ओढतात, स्टिल्टमधल्या (तळाच्या पार्किंगमधल्या) सळ्या उघड्या पडलेल्या कॉलमवर सिमेंट थापतात, वर रंगाचा हात. बाहेरची माणसं येणार, बरं दिसावं, हे समजतं. पण आम्हा तपासणाऱ्यांना जे बघायचं तेच त्याखाली जातं.

आमच्या चाचण्या तोडफोड न करता होतात. त्यातला रिबाउंड हॅमर पृष्ठभागावर आपटून त्याचा कठीणपणा मोजतो. प्लास्टरवर मारला तर आकडा प्लास्टरचा येतो, कॉलमचा नाही. काँक्रीट ओलं असेल तर मजबुती सुमारे २० टक्के कमी दिसू शकते, आणि कार्बोनेशन झालेलं (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरचा थर कडक झालेलं) जुनं काँक्रीट उलट आहे त्याहून दणकट भासतं. म्हणून नुसत्या हॅमरवर आम्ही निकाल देत नाही, कोणी स्वस्तात देत असेल तरी. जोडीला यूपीव्ही करतो: अल्ट्रासॉनिक लहर कॉलमच्या एका बाजूने सोडायची आणि दुसऱ्या बाजूला पोचायला किती वेळ लागतो ते पाहायचं. प्लास्टर आतून सुटलेलं असेल तर लहर तिथेच अडखळते आणि धडधाकट कॉलम कागदावर वाईट ठरतो. सळईचा गंज ताडणाऱ्या हाफ-सेल चाचणीत तांबं-मोरचूद इलेक्ट्रोडवर आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर सळई गंजत असल्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. पण त्यासाठी एका जागी सळईला वायर जोडावी लागते आणि ऑइलपेंट खरवडावा लागतो.

‘तोडफोड नाही म्हणालात, मग प्लास्टर का काढता?’ असं दर दुसऱ्या सोसायटीत विचारतात. काढतो ते ठरलेल्या जागी फूटभर चौकोन. गवंडी आमच्यासोबतच असतो, प्लास्टर परत मारायचं काम कोटेशनमध्येच धरलेलं असतं. ताजं सिमेंट थापलेलं निघालं तर मात्र दुसरी फेरी होते आणि तिचे पैसे वेगळे लागतात.

रंग आधीच झाला असेल तर सांगून टाका. सभासदांच्या मोबाइलमध्ये जुने फोटो असतातच. कोणत्या कॉलमवर काय केलंय हे कळलं की अर्धा दिवस वाचतो.

३० वर्षं झालेल्या इमारतींना मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे हे ऑडिट करावंच लागतं, आणि इमारत किती धोकादायक हे ठरवणाऱ्या सी-१ ते सी-३ वर्गवारीत असले आकडे महत्त्वाचे ठरतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत. दोन ऑडिटरांचे निष्कर्ष जुळले नाहीत की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं, आणि मग सगळंच लांबतं.

फोर्ट-गिरगावातल्या दगड-चुन्याच्या इमारतींचं गणित वेगळं. मालाडच्या दगडावर काँक्रीटचा हॅमर लावण्यात अर्थ नाही. तिथे रडारने भिंतीतली पोकळी शोधतो आणि भेगेवर मोजपट्टी बसवून वर्षभर नोंदी ठेवतो, कारण भेग ऋतूप्रमाणे थोडी उघडमीट करतेच. एका नोंदीवरून ती वाढतेय की नाही हे कळत नाही. या नोंदींचा वार्षिक करार आम्ही करतो. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती मात्र बहुतेक आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. समोर खारी हवा, त्यामुळे तिथे हाफ-सेल आधी.

गळतीसाठी थर्मल कॅमेरा पावसाळ्यातच बोलवा. हॅमरसाठी दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे, पण तेव्हा तारखा लवकर भरतात. बुकिंग करताना आरसीसी ड्रॉइंग असतील तर पाठवा, आणि बंद फ्लॅटच्या किल्ल्या आदल्या दिवशीच वॉचमनकडे जमा करा.